मैदानावरची पहिली पाच मिनिटे

रायपूर शहराला लागून असलेले बीरगांव हे कारखान्यांचे नगर आहे. उरला औद्योगिक क्षेत्रातील लोखंडाचे कारखाने, रोलिंग मिल आणि तेथे पाळीपाळीने राबणारे कामगार यांवर त्याचे जीवन चालते. छत्तीसगढी, हिंदी, ओडिया, भोजपुरी आणि मराठी अशा अनेक भाषा रायपूरच्या या परिसरात कानी पडतात. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने कारखान्यांवर एक महत्त्वाचे बंधन घातले. दर १५० कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार-पेटी असावी आणि ती पेटी प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र मिळवलेल्या, कामाच्या वेळी सदैव हजर असणाऱ्या व्यक्तीच्या ताब्यात असावी, असा तो दंडक होता. नुसती पेटी पुरत नाही, ती उघडणारा हातही शिकलेला हवा, हे कायदा करणाऱ्यांनी ओळखले होते. परंतु त्याच कामगाराचा मुलगा किंवा मुलगी ज्या मैदानावर कबड्डी किंवा खो-खो खेळते, त्या मैदानाचा असा विचार क्वचितच होतो.

मैदानावर खेळाडू कोसळतो तेव्हा त्याच्याजवळ कोण असते? डॉक्टर बहुधा नसतो. क्रीडाशिक्षक दुसऱ्या सामन्यात गुंतलेला असतो. जवळ असतो तो संघाची पिशवी सांभाळणारा, बर्फ आणि पट्ट्या पुरवणारा एखादा मोठा विद्यार्थी किंवा शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमातील प्रशिक्षणार्थी. अमेरिकेत खेळाडूंच्या दुखापतींकडे पाहणारे स्वतंत्र प्रशिक्षक असतात. त्यांची राष्ट्रीय संघटना १९५० मध्येच स्थापन झाली. त्यांच्या हाताखाली विद्यार्थी तयार होतात. आपल्याकडील बहुतेक शाळा-महाविद्यालयांत असे पद नाही. त्यामुळे ते काम न सांगता या विद्यार्थी-साहाय्यकावर येऊन पडते. जबाबदारी येते, पण तिच्यासाठी लागणारे शिक्षण मात्र मिळत नाही.

या उणिवेची किंमत किती मोठी असू शकते, हे आठवण्यासारखे आहे. गोव्याच्या धेंपो संघाकडून खेळणारा ब्राझीलचा क्रिस्तियानो ज्युनिअर ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूर येथे फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात गोलरक्षकाशी टक्कर होऊन कोसळला आणि पुन्हा उठला नाही. त्यानंतर आपल्या मैदानांवरील तातडीच्या वैद्यकीय व्यवस्थेविषयी देशभर प्रश्न विचारले गेले. छत्तीसगढमध्ये २०२२ साली गावोगावी पारंपरिक खेळांच्या स्पर्धा भरल्या; त्या काळात रायगढ जिल्ह्यात कबड्डी खेळताना जखमी झालेला एक खेळाडू दगावला. याउलट, १२ जून २०२१ रोजी कोपनहेगन येथे डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन सामना चालू असताना हृदय बंद पडून कोसळला. कर्णधार सिमोन केअर तत्काळ त्याच्यापाशी धावला, वैद्यकीय पथकाने छातीवर दाब देण्यास आरंभ केला, विद्युत्-झटक्याचे यंत्र वापरले गेले आणि एरिक्सन वाचला. पुढच्याच वर्षी तो पुन्हा मैदानात उतरला. प्रत्येक खेळाडू असा वाचतोच असे नाही. परंतु वाचण्याची संधी पहिल्या काही मिनिटांतच असते, हे त्या दिवशी जगाने पाहिले.

हृदय बंद पडल्यावर झटक्याच्या यंत्राला होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या विलंबाबरोबर जगण्याची शक्यता साधारणतः ७ ते १० टक्क्यांनी घटत जाते. छातीवर दाब देत राहिल्यास ही घट मंदावते. हा दाब छातीच्या मधल्या हाडावर, तळहाताच्या टाचेने, मिनिटाला १०० ते १२० वेळा आणि प्रौढ माणसाच्या बाबतीत ५ ते ६ सेंटिमीटर खोल द्यावा लागतो. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ववत वर येऊ द्यावी लागते. ही वाक्ये पाठ करणे अवघड नाही. परंतु ५ सेंटिमीटर म्हणजे किती जोर, हे वाचून कळत नाही. ते खांद्याला आणि मनगटालाच कळते. दोन मिनिटांत हात भरून येतात, म्हणून दाब देणारा बदलावा लागतो, हेही स्वतः केल्यावरच उमगते. म्हणूनच १९६० मध्ये आस्मुंड लेरडाल या नॉर्वेतील खेळणी बनवणाऱ्या कारागिराने सरावासाठी माणसाएवढी बाहुली तयार केली. तिच्या छातीवर जगभरातील असंख्य हात शिकले.

हातांना नवे शिकवायचे असते, तसेच जुने विसरायलाही लावायचे असते. कबड्डीत एखादा चढाई करणारा मानेवर आपटला, की चार जण त्याचे हात-पाय धरून त्याला उचलतात. यात दया असते, पण मणक्याला इजा झाली असल्यास हीच दया त्याला जन्माचा अपंग करू शकते. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतणे, फेफरे आलेल्याला चप्पल हुंगवणे, निखळलेला सांधा ओढून बसवणे, या सवयीही अशाच आहेत. हृदय बंद पडल्यावर मधूनमधून येणाऱ्या आचक्यांना लोक श्वास समजतात आणि मोलाचा वेळ जातो. रायपूरच्या उन्हाळ्यात तर आणखी एक संकट दबा धरून असते. उन्हात धावणारा मुलगा बरळू लागला, त्याचे अंग तापले, तर तो उष्माघात असू शकतो. अशा वेळी वाहनाची वाट पाहत बसायचे नसते. सावलीत नेऊन, भरपूर थंड पाणी व बर्फ वापरून, वारा घालून त्याचे शरीर आधी थंड करायचे असते. ही धावपळ ज्याने एकदा सरावात केली आहे, तोच ती खऱ्या प्रसंगी करू शकतो.

‘पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही’ ही म्हण येथे लागू पडते. शारीरिक शिक्षणाच्या पदवी अभ्यासक्रमात क्रीडावैद्यकाचा समावेश आहे. पण या विषयाची परीक्षा मुख्यतः कागदावर होत असेल, तर उत्तीर्ण होते ती स्मरणशक्ती, हात नव्हेत. आपल्या तालमींतील वस्ताद डाव सांगून शिकवत नसत. शिष्याला मातीत उतरवून, त्याचा हात धरून शिकवत. १९१४ साली अमरावतीत स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या संस्थांनी ही परंपरा शिस्तबद्ध शिक्षणात आणली. तातडीच्या उपचारांनाही याच पद्धतीची गरज आहे.

यावर काही आक्षेप घेतले जातात. अर्धवट ज्ञान घातक, हा पहिला. तो खोटा नाही. परंतु चांगल्या प्रशिक्षणात काय करू नये, याचाच धडा आधी मिळतो. अज्ञानी गर्दीपेक्षा मर्यादा जाणणारा विद्यार्थी केव्हाही बरा. दुसरा आक्षेप खर्चाचा. विद्युत्-झटक्याचे यंत्र महाग आहे, हे खरे; सरावाची बाहुली मात्र अनेक शाळांना मिळून वापरता येते, आणि बांबू-चादरीची डोली, बर्फ, पट्ट्या, कापड यांना फारसे पैसे लागत नाहीत. तिसरा आक्षेप कायद्याच्या भीतीचा. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने रस्त्यावरील अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले. मैदानाचा उल्लेख त्यात नाही. मदतीला धावणाऱ्याला घाबरवायचे नाही, हे तत्त्व मात्र त्यातून मान्य झाले आहे.

बीरगांवसारख्या नगरातील शाळांनी वर्षातून चार वेळा अर्धा दिवस यासाठी राखून ठेवला, तरी बरेच साधेल. कारखान्यांतील प्रमाणपत्रधारक प्रथमोपचारक आणि शासकीय रुग्णालयातील परिचारिका यांनी शिकवावे. सरावात प्रत्येकाचे काम ठरलेले असावे: एकाने १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा, एकाने नाक्यावर उभे राहून रुग्णवाहिकेला वाट दाखवावी, एकाने गर्दी हटवावी, दोघांनी आळीपाळीने दाब द्यावा. छत्तीसगढमध्ये १०८ ची सेवा २०११ पासून आहे. परंतु मालमोटारींच्या रांगांतून ती पोहोचेपर्यंतचा वेळ कोणी तरी सांभाळला पाहिजे. सूचना अशा बोलीत द्याव्यात, ज्या तेथील प्रत्येक मुलाला समजतील. आणि या सरावाची परीक्षा मैदानावरच घ्यावी.

मुलांना खेळायला पाठवणारे आई-वडील शाळेवर मोठा विश्वास टाकतात. कारखान्याच्या भिंतीआड त्या पालकांच्या जिवासाठी कायद्याने जी काळजी घेतली, तेवढीच काळजी भिंतीबाहेर खेळणाऱ्या त्यांच्या मुलांसाठी घेणे, हे शाळा, पालक आणि नगर या सर्वांचे कर्तव्य ठरते.