लय दबली म्हणून काम शिकले?

पाहणे आणि करणे यांतला फरक मेंदूला कळतच नाही, असे एका व्याख्यात्यांनी नुकतेच शिक्षकांच्या मेळाव्यात ठासून सांगितले. त्यांचा युक्तिवाद असा: आपण हात हलवला की मेंदूतली म्यू लय दबते, दुसऱ्याचा हात हलताना नुसता पाहिला तरीही ती दबते, हे मिरर न्यूरॉनचे, म्हणजे करताना आणि पाहताना दोन्ही वेळा जागणाऱ्या ‘आरसा’ पेशींचे काम आहे, म्हणून प्रात्यक्षिके, तालीम, हातकाम यांत वेळ घालवण्यापेक्षा मुलांना चांगले व्हिडिओ दाखवावेत. जाता जाता त्यांनी हेही सांगून टाकले की स्वमग्न मुलांच्या डोक्यातला हा आरसा फुटलेला असतो, म्हणून त्यांना दुसऱ्याचे मन कळत नाही. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांच्या हाती रोज मुलांचे वर्ग असतात, म्हणून गप्प बसणे मला जमत नाही.

मूळ निरीक्षण खरे आहे, त्यावर माझा वाद नाही. कानांच्या साधारण वर, डोक्याच्या मधल्या पट्ट्यावर इलेक्ट्रोड लावले, की शरीर स्वस्थ असताना सेकंदाला ८ ते १३ आवर्तनांची लय दिसते. आलेखात तिच्या कमानी उमटतात. हालचालीचे काम पाहणाऱ्या पेशी रिकाम्या असताना एका ठेक्यात चालतात आणि कामाला लागल्या की तो ठेका मोडतो. फ्रान्समध्ये आंरी गास्तो यांनी १९५२ मध्ये या लयीचे वर्णन केले. दोन वर्षांनी त्यांनी आणि त्यांचे सहकारी बेर यांनी लोकांना चित्रपट दाखवून नोंदी घेतल्या, तेव्हा पडद्यावर मुष्टियुद्ध चालू असताना खुर्चीत बसलेल्या प्रेक्षकांचीही लय दबलेली आढळली. मिरर न्यूरॉन मात्र इटलीतल्या पार्मा येथे माकडांच्या मेंदूत एकेका पेशीची नोंद घेताना सापडले, आणि तो शोध १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. ईईजी, म्हणजे कवटीवरून घेतलेला हा आलेख, एका पेशीचे नव्हे, असंख्य पेशींचे एकत्रित पडसाद टिपतो. या दोन गोष्टी एकच आहेत, हे व्याख्यात्यांनी सिद्ध केले नाही, गृहीत धरले.

माझा खरा आक्षेप पुढे आहे. म्यू लयीची एक थोरली बहीण आहे, अल्फा लय. हान्स बर्गर यांनी १९२९ मध्ये माणसाच्या मेंदूचे पहिले आलेख प्रसिद्ध केले, तेव्हापासून ती जगाला माहीत आहे. तिचाही वेग सेकंदाला ८ ते १३ आवर्तनांचाच. ती डोक्याच्या मागच्या भागात जोरकस असते, आणि डोळे उघडले, लक्ष कुठे गुंतले, की दबते. कवटीवरचा इलेक्ट्रोड म्हणजे भिंतीला लावलेला कान: पलीकडे कोण बोलते आहे हे ठरवणे अवघड, त्यात दोघींचा सूर एकच. मग पडद्यावरचा हात पाहताना जी लय दबली, ती हालचालीच्या पेशी जागल्या म्हणून, की प्रेक्षकाचे लक्ष वेधले गेले म्हणून? रिकाम्या पडद्यापेक्षा हलता हात अधिक लक्ष वेधतो, एवढे सांगायला आरसा कशाला हवा? शिवाय ‘दबली’ म्हणजे कशाच्या तुलनेत दबली? कोणी रिकाम्या पडद्याशी तुलना करतो, कोणी स्थिर चित्राशी, आणि त्यानुसार उत्तर बदलते. हॅना हॉब्सन आणि डोरोथी बिशप या संशोधकांनी २०१६ मध्ये ६१ प्रौढांवर नेमके हेच तपासले. एकीकडे हलणारे हात दाखवले, दुसरीकडे हलणारी कॅलिडोस्कोपची नक्षी. स्वतः हात हलवताना म्यू लय ठळकपणे दबली. नुसते पाहताना मात्र हात आणि नक्षी यांतला फरक एकाच प्रकारच्या तुलनेत दिसला. आणि त्या सर्वांत अनुकूल मांडणीतही १६ ते २१ टक्के लोकांची लय दबलीच नाही. त्याच वर्षी अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या एका विश्लेषणाने परिणाम खरा असल्याचा निर्वाळा दिला, हे मी लपवत नाही. पण परिणाम खरा असणे वेगळे आणि त्यावर शाळेचे वेळापत्रक उभे करणे वेगळे. ज्या मुलांची लय दबणार नाही, त्यांना काय वर्गाबाहेर बसवायचे?

लय दबणे म्हणजे कौशल्य येणे, हे तर कोणत्याच प्रयोगाने दाखवलेले नाही.

आता फुटक्या आरशाबद्दल. या विधानाने मला संताप आला. २००५ मधल्या ज्या गाजलेल्या अभ्यासाचा आधार त्यामागे असतो, त्यात १० स्वमग्न आणि १० इतर व्यक्ती होत्या. पुढे तैवानमधल्या संशोधकांना २०१० मध्ये स्वमग्न व्यक्तींची लय इतरांसारखीच दबताना दिसली. दहा जणांच्या आलेखावरून हजारो मुलांना दुसऱ्याचे मन कळत नाही असा शिक्का मारायचा आणि तो त्यांच्या शिक्षकांच्या हाती द्यायचा, हे क्रौर्य आहे. समोर बसलेल्यांपैकी कुणाचे मूल स्वमग्न असेल, हा विचारही व्याख्यात्यांच्या मनाला शिवला नाही. दुसऱ्याचे मन कळण्यावर बोलणाऱ्या माणसाकडून एवढी अपेक्षा जास्त नव्हती.

हे दुखणे जुने आहे. डावा मेंदू हिशेबी आणि उजवा कलावंत, या समजुतीशी आम्ही वाद घातला. माणूस मेंदूचा दहाच टक्के भाग वापरतो, या थापेशीही झगडलो. तान्ह्या बाळाला ठरावीक संगीत ऐकवून हुशार करू म्हणणाऱ्यांनी आम्हाला प्रगतीचे शत्रू ठरवले. बहुतेक वेळा सुरुवातीला एक खरा प्रयोग होता, आणि त्याच्या पाठीवर बसून कुणीतरी काहीतरी विकायला आले.

मग म्यू लय सांगते तरी काय? मला सर्वांत मोलाचे वाटतात ते दोन अभ्यास, दोन्ही २००८ चे. नेदरलँड्समध्ये १४ ते १६ महिन्यांच्या बाळांना रांगणाऱ्या आणि चालणाऱ्या बाळांचे व्हिडिओ दाखवले. रांगणे पाहताना लय अधिक दबली, आणि ज्या बाळाचा स्वतःचा रांगण्याचा अनुभव जास्त, त्याची अधिक. दुसऱ्या अभ्यासात नृत्य पाहताना नर्तकांची लय इतरांपेक्षा जास्त दबली. लक्षाचा आक्षेप इथेही उरतोच, पण रांगण्याच्या अनुभवाशी जुळणारा हा चढउतार केवळ लक्षाने सहज उलगडत नाही. या प्रयोगांचा कल व्याख्यात्यांच्या निष्कर्षाच्या नेमका उलट आहे: आधी करणे, मग पाहणे. शरीराने जे केले आहे, त्याला डोळ्यांनी पाहिलेले अधिक भिडते.

म्हणून व्हिडिओला माझा विरोध नाही, त्याच्या जागेला आहे. रसायनशास्त्राच्या तासाला ब्युरेटची तोटी मुलीच्या हाती द्या. एका जादा थेंबाने द्रावण गडद गुलाबी होऊन तिचा प्रयोग बिघडू द्या, आणि मग तिला निष्णात हातांचा व्हिडिओ दाखवा. त्यासाठी प्रयोगशाळेचे कपाट उघडे हवे, आणि प्रात्यक्षिकाचे तास व्हिडिओच्या नावाखाली कापले जाता कामा नयेत.