आधी फोन, मग हक्क

मोबाइल आणि इंटरनेट ही गरज की चैन, हा वाद आपल्याकडे अजूनही माणसांच्या सवयींवरून घातला जातो. मजुराच्या हातात स्मार्टफोन दिसला की 'परिस्थिती काही एवढी वाईट नाही' असं बोललं जातं. पोरं रात्रभर रील बघतात, म्हणजे ती चैनच, असंही ठरवून टाकलं जातं. कोण फोनवर काय बघतो यावरून हा प्रश्न सुटणार नाही. ती वस्तू नसली तर माणसाचं काय अडतं, हे बघायला हवं. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात फोन नसणाऱ्याचं जे अडू लागलं आहे, त्यात मोठा वाटा सरकारी कामांचा आहे. ही गरज सरकारने निर्माण केली आहे, त्यामुळे तिचा भारही सरकारनेच उचलला पाहिजे, असं माझं म्हणणं आहे.

ई-पीक पाहणीच घ्या. पूर्वी तलाठी पिकांची पाहणी करून गाव नमुना बारामध्ये पीकपेरा लावायचा. ही पाहणी पुष्कळदा चावडीत बसूनच उरकली जाते, ही तक्रार खरी होती. १५ ऑगस्ट २०२१ पासून ते काम शेतकऱ्याच्या फोनवर आलं. आता त्याने स्वतः शेतात उभं राहायचं, अ‍ॅपमध्ये खातं आणि गट निवडायचा, हंगाम, पीक, क्षेत्र भरायचं, लोकेशन चालू ठेवून उभ्या पिकाचा फोटो काढायचा आणि सगळं वर पाठवायचं. रेंज नसेल तर माहिती फोनमध्ये साठवून नंतर पाठवता येते, पण साठवायलाही स्मार्टफोनच लागतो. नोंद राहून गेली तर सातबारावर पीक दिसत नाही. मग हमीभाव केंद्रावर सोयाबीन घालताना आणि अतिवृष्टीची भरपाई मागताना त्याच कोऱ्या रकान्यापाशी गाडं अडतं. राहिलेली पाहणी करायला आता गावपातळीवर सहायक असतात, ही चांगली सोय आहे. पण ती मागाहून आली, आणि पहिली जबाबदारी अजूनही शेतकऱ्याचीच आहे.

रोजगार हमीची गोष्ट याहून टोकाची. ज्या महाराष्ट्राने १९७७ मध्ये कामाच्या हक्काचा कायदा केला, तिथल्या मजुराची हजेरीही १ जानेवारी २०२३ पासून केंद्राच्या आदेशाने अ‍ॅपवर गेली. कामाच्या जागेवरून दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो चढवायचा. सातपुड्यात किंवा मेळघाटात रेंज गेली, फोटो चढला नाही, तर दिवसभर माती उपसलेल्या माणसाची मजुरी धोक्यात येते. इथे मजुराकडे फोन असला काय, नसला काय, सारखंच, कारण त्याचं पोट हजेरी घेणाऱ्या मेटच्या फोनवर आणि दूरच्या टॉवरवर अवलंबून आहे.

स्त्रियांच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या साधारण ५४ टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरण्याचा मोबाइल होता. इंटरनेट कधी ना कधी वापरलेले पुरुष ५७ टक्के, तर स्त्रिया ३३ टक्के होत्या. त्यानंतर हे आकडे नक्कीच वाढले असतील, पण घरातला फोन कोणाच्या खिशात असतो, ही रीत इतक्या लवकर पालटत नाही. लाडकी बहीण योजनेत २०२५ मध्ये ई-केवायसी आली, तेव्हा बाईच्या आधारबरोबर पतीच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी मागितला गेला. पंधराशे रुपये तिच्या नावावर येत असले, तरी ते चालू राहण्यासाठी लागणारे आकडे दुसऱ्याच्या फोनवर येणार. नवऱ्याने टाकलेली बाई, किंवा नवरा आणि वडील दोघेही हयात नसलेली विधवा, यांनी तेव्हा तो ओटीपी कोणाकडून आणायचा होता? पैसे तिच्या हाती पडावेत म्हणून काढलेल्या योजनेची किल्ली अशी पुन्हा घरातल्या पुरुषाकडे गेली, याची मला चीड येते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: लोकांना रिचार्जला पैसे मिळतात, मग तक्रार कसली? हिशेब करून बघू. जुलै २०२४ मध्ये कंपन्यांनी दर वाढवले आणि दिवसाला दीड जीबीचा २८ दिवसांचा एक लोकप्रिय पॅक २३९ वरून २९९ रुपयांवर गेला. त्या वर्षी राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. वर्षात असे तेरा रिचार्ज, म्हणजे तेरा दिवसांची मजुरी. स्वस्त पॅक मिळतात, नुसत्या कॉल-एसएमएसचेही आहेत, आणि ओटीपीपुरतं त्यात भागतं. अ‍ॅप मात्र त्यावर चालत नाही. पोटाला चिमटा काढून माणूस हा खर्च करतो, हाच ती गरज असल्याचा पुरावा आहे. आणि रील म्हणाल, तर विजेवर टीव्हीही चालतो, तरी गावाला वीज देणं ही चैन आहे असं कोणी म्हणत नाही.

'पूर्वी फोनशिवाय चालतच होतं ना?' असंही विचारतात. चालत होतं, कारण तेव्हा दुसऱ्या वाटा उघड्या होत्या. चौकात एसटीडी बूथ होता, पीकपेरा तलाठी लावायचा, अकरावीचा अर्ज कॉलेजात जाऊन भरता यायचा. २०२५ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला. जुनी वाट बुजवून झाल्यावर 'पूर्वी लोक चालत जायचे' असं सांगण्यात अर्थ नाही.

खरा तोलामोलाचा आक्षेप भ्रष्टाचाराचा आहे. पैसे थेट खात्यात आल्याने मधले हात कमी झाले, बोगस हजेरी आणि बोगस लाभार्थी सापडू लागले, असं सरकार म्हणतं. त्यात तथ्य आहे, आणि चावडीतल्या जुन्या मस्तवाल कारभाराकडे परत जावं, असं मी मुळीच म्हणणार नाही. पण ज्याच्याकडे फोन नाही, त्याच्यासाठी नवा मध्यस्थ उभा राहिला आहे. फॉर्म भरून देणारा, ओटीपी टाकून देणारा, केवायसी करून देणारा, प्रत्येक वेळी थोडे पैसे घेणारा. चोरी धरण्यासाठी बसवलेली यंत्रणा हक्कदारालाच दारात अडवत असेल, तर तिच्या यशाच्या हिशेबात ही अडवणूकही मांडली पाहिजे.

सरकारचं स्वतःचं वागणं मात्र फोन या वस्तूबद्दल धड एका बाजूचं नाही. मोबाइलवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला तो १ एप्रिल २०२० ला, टाळेबंदी लागून जेमतेम आठवडा झाला असताना. पुढे काही महिन्यांत शाळा फोनवर भरू लागल्या आणि कोकणातली मुलं रेंजसाठी डोंगरावर खोपी बांधून बसली. २०२१ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले फोन परत केले, कारण पोषण ट्रॅकर या अ‍ॅपचं ओझं त्या हलक्या फोनना पेलत नव्हतं आणि ते अ‍ॅप इंग्रजीत होतं. काम सक्तीचं, साधन निकृष्ट, आणि रिचार्जवरही १८ टक्के कर.

३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. प्रकरण अ‍ॅसिड हल्ल्यातल्या पीडितांचं आणि दृष्टिहीनांचं होतं, ज्यांना केवायसीत डोळे मिचकावून दाखवणं शक्यच नव्हतं. तोच न्याय फोन नसलेल्याला का लावू नये? महाराष्ट्राला त्यासाठी नवा कायदाही नको. लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ पासून आहे. त्याखालच्या प्रत्येक सेवेचा कागदी अर्ज ग्रामपंचायतीत विनाशुल्क घेतला जाईल, ओटीपी नाही म्हणून कोणाचं धान्य, पेन्शन किंवा मजुरी थांबणार नाही, आणि ज्या कर्मचाऱ्याला अ‍ॅप सक्तीचं आहे त्याचा फोन आणि डेटा खात्याच्या खर्चाने मिळेल, एवढं सरकारने लेखी काढावं. तोवर पुढच्या कोणत्याही योजनेला नवं अ‍ॅप जोडू नये.