रेसचा घोडा पावसाळ्यात पुण्याला जातो, वसई-विरारच्या घोड्याने जायचं कुठे?

रविवारची संध्याकाळ. अर्नाळा, राजोडी नाहीतर कळंबचा किनारा. पोरगं हट्ट धरतं, आपण घोडेवाल्याशी थोडी घासाघीस करतो, पोराला खोगिरावर बसवतो, रील काढतो आणि भजी खायला निघून जातो. या सगळ्यात घोड्याच्या पायाकडे कुणी बघतं का? नाही बघत.

मुंबईत घोड्यांचा विषय निघाला की तो महालक्ष्मी रेसकोर्सच्या जमिनीवर येऊन थांबतो. २०२४ मध्ये तिथली १२० एकर जागा पार्कसाठी महापालिकेकडे आणि ९१ एकर टर्फ क्लबकडे, असा निर्णय झाला. त्यावर भरपूर चर्चा झाली. पण त्या जमिनीवर धावणाऱ्या घोड्याचं सगळं करिअर ज्या खुरावर उभं असतं, त्याचा एक आजार आहे. तो समजून घेतला तर वसई-विरारच्या घोड्यांचं दुखणंही समजतं.

खुराच्या आत नेमकं काय होतं?

खुराची बाहेरची भिंत केराटिनची असते. आपली नखं ज्यापासून बनतात, तेच हे केराटिन. तिथे संवेदना नसतात, म्हणून नाल ठोकताना घोड्याला दुखत नाही. पण भिंतीच्या आत जिवंत पेशी, रक्तवाहिन्या आणि हाड असतं. खूर उलटा करून पाहिला तर भिंत आणि तळवा जिथे जुळतात तिथे एक फिकट रेघ दिसते. तिलाच म्हणतात व्हाइट लाइन.

ही रेघ मऊ असते. तिच्यात फट पडली की माती, शेण, ओल आत शिरते. मागोमाग बुरशी आणि जिवाणू येतात आणि भिंत आतून पोखरत वर चढतात. यालाच व्हाइट लाइन डिसीज म्हणतात. कुठला तरी एकच जंतू याला जबाबदार आहे असं नाही. जपानमधल्या रेसच्या घोड्यांवर संशोधन झालं, तेव्हा पोखरलेल्या भागात बुरशी सापडली होती. पण बुरशीला आत शिरायला आधी फट लागते.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे बाहेरून खूर बराच काळ ठणठणीत दिसतो. जाणता नालबंद हातोडीने हलकं ठोकून बघतो. आवाज पोकळ आला तर समजायचं, आत गडबड आहे. दुर्लक्ष झालं तर हाडाला धरून ठेवणारी भिंतच सुटते आणि घोडा लंगडायला लागतो.

फट पडते कशामुळे?

पहिलं कारण ओल. खूर सतत भिजला, वाळला, पुन्हा भिजला की कमजोर होतो. दुसरं, तबेल्यातली घाण. मूत आणि शेणातला अमोनिया केराटिन खराब करतो. तिसरं, वाढलेला खूर. खूर महिन्याला साधारण १ सेंटिमीटरपर्यंत वाढतो, म्हणून दर ४ ते ६ आठवड्यांनी तो तासून नाल बदलावी लागते. उशीर झाला की पुढचं टोक लांबतं आणि प्रत्येक पावलाला भिंत तळव्यापासून ओढली जाते. पत्र्याच्या डब्याचं झाकण चमच्याने उचकटतो ना, अगदी तसं.

चौथं, खिळ्यांची भोकं आणि कडक रस्ते. पाचवं, खुराक. बायोटिन, झिंक कमी पडलं की केराटिनचा दर्जा घसरतो.

रेसचे थरोब्रेड घोडे यातून सुटत नाहीत. त्यांच्या खुराची भिंत पातळ असते, नाल वारंवार बदलल्याने भोकं जास्त पडतात, व्यायामानंतर रोज धुतल्याने पाय भिजतात. भरधाव धावताना एकेका पायावर अंगाच्या वजनाच्या दुपटीहून जास्त भार येतो. म्हणजे धोका त्यांनाही भरपूर. मग फरक कुठे पडतो?

फरक पडतो पावसाळ्यात

मुंबईत रेसचा हंगाम नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होतो आणि एप्रिलपर्यंत चालतो. पावसाळ्यात मुक्काम पुण्याला हलतो. पुण्यात वर्षाला ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो, पालघर जिल्ह्यात २ हजार मिलिमीटरहून जास्त. शिवाय रेसच्या घोड्यामागे ट्रेनर, नालबंद, पशुवैद्य अशी फौज असते.

वसई-विरारचा घोडा मात्र इथेच राहतो. जुलै २०१८ मध्ये वसई, नालासोपारा पाण्याखाली गेलं होतं, ते आठवतंय? घरात पाणी शिरतं त्या दिवसांत तबेल्यात कोरडी जागा कुठून येणार?

त्यातच चातुर्मास. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत बहुतेक घरांत मुहूर्त नसतात, म्हणजे वराती नाहीत. किनाऱ्यावर पर्यटक नाहीत. खुराला सगळ्यात जास्त जपायची गरज असते, त्याच चार महिन्यांत घोडेवाल्याची कमाई आटते. मग नालबंदाला ‘पुढच्या महिन्यात ये’ असं सांगितलं जातं. पावसात पडलेली फट आतल्या आत वाढत राहते आणि तुळशीचं लग्न झालं की तोच घोडा डीजेच्या आवाजात डांबरी रस्त्यावर नवरदेवाला घेऊन उभा राहतो.

कायदा काय म्हणतो?

प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० सालचा. आजारी किंवा जखमी जनावराला कामाला लावणं हा त्यात गुन्हा आहे. दंड किती? पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये. यातल्या कमीत कमी दंडापेक्षा तुमचा वडापाव महाग पडेल.

२०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या हौसेच्या व्हिक्टोरिया बेकायदा ठरवल्या आणि त्या बंद करायला वर्षभराची मुदत दिली. पण घोडागाडी बंद केल्याने खूर बरा होत नाही. पोखरलेला भाग कापून मोकळा करावा लागतो, जागा कोरडी ठेवावी लागते आणि पुढचा खूर पूर्ण नवा यायला ९ ते १२ महिने लागतात. इतके महिने घोडा नीट कमवत नाही, पण खातो रोज.

म्हणून सगळा दोष घोडेवाल्यावर ढकलणं सोपं आहे, पण अर्धवट आहे. महापालिका आणि पशुसंवर्धन विभागाने पावसाआधी आणि पावसानंतर खुरांची मोफत तपासणी ठेवली, पावसाळ्यात उंचावर कोरडा निवारा दिला, तर बराच आजार सुरुवातीलाच अडेल.

आणि आपण? पुढच्या वेळी पोराला बसवण्याआधी दहा सेकंद खाली बघा. घोडा एक पाय उचलून धरतोय का, चालताना मान झटकतोय का, नाल सैल किंवा गायब आहे का, खुराचं टोक पुढे वाढलंय का? मग घोडेवाल्याला विचारा, ‘दादा, नाल कधी बदलली?’ काही खटकलं तर फेरी मारू नका. पोराला समजवा, घोड्याचा पाय दुखतोय. पोरांना ते लगेच कळतं.