अनुक्रमांकाचे ओझे कोणी वाहावे?

चांदणी चौकातील दरीबा कलानमध्ये किंवा करोल बागेतील सराफी पेढ्यांवर आज हॉलमार्कचा जो दागिना विकला जातो, त्यावर लेसरने कोरलेली, अक्षरे आणि अंक यांच्या मिश्रणाने बनलेली सहा चिन्हांची एक खूण असते. तिला एचयूआयडी म्हणतात, आणि १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्किंग सक्तीचे असलेल्या दिल्लीसारख्या प्रदेशांत तिच्यावाचून सोन्याचे दागिने विकण्यास मनाई आहे. बहादूरशाह जफर मार्गावरील मानक भवनात ज्याचे मुख्यालय आहे, त्या भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये ही सहा चिन्हे भरली, की दागिन्याची शुद्धता आणि त्याची नोंद करविणारा सराफ यांची माहिती ग्राहकाच्या हाती येते. योजना स्तुत्य आहे. परंतु तिचे सारे फलित अखेर फोनच्या पडद्यावरील एका चिमुकल्या चौकटीवर अवलंबून राहते, आणि त्या चौकटीचा विचार आपल्याकडे गांभीर्याने होत नाही, ही माझी तक्रार आहे.

भिंगाखाली धरलेल्या चकचकीत सोन्यावरचे चिन्ह शून्य आहे की ‘ओ’, पाच आहे की ‘एस’, आठ आहे की ‘बी’, हा संभ्रम तरुण डोळ्यांनाही पडतो, मग साठी उलटलेल्या गृहिणीची काय कथा! असा संभ्रम क्रमांक रचतानाच टाळता येतो. आपल्या वाहनांच्या नोंदणीत ‘आय’ आणि ‘ओ’ ही अक्षरे मालिकेसाठी वापरीत नाहीत. मानेसरच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या मोटारीच्या सतरा चिन्हांच्या चासी क्रमांकातही ‘आय’, ‘ओ’ आणि ‘क्यू’ यांना मज्जाव आहे. ज्यांनी हे नियम घातले त्यांनी वाचणाऱ्याच्या डोळ्यांची कदर केली.

याहून मोलाची सोय म्हणजे पडताळणीचा अंक. मोबाइलच्या पंधरा अंकी आयएमईआय क्रमांकातील शेवटचा अंक आधीच्या चौदांवरून गणिताने निघतो. आयबीएममधील हान्स पीटर लून यांनी १९५४ साली ज्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला, तिच्यामुळे एखादा अंक चुकला तर ती चूक हटकून, आणि शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर बहुतेक वेळा, उघडकीस येते. आधारच्या बाराव्या अंकामागे व्हरहूफ यांची पद्धत आहे, आणि ती अशी अदलाबदलही निसटू देत नाही. चोरीचा फोन बंद पाडण्याची जी केंद्रीय व्यवस्था ३० डिसेंबर २०१९ रोजी दिल्लीकरांसाठी खुली झाली, तिच्यात क्रमांक भरणारा मनुष्य आधीच गांगरलेला असतो. अशा वेळी, चूक यंत्रास क्षणार्धात ओळखता येत असताना, संपूर्ण अर्ज भरून घेऊन मग केवळ ‘अवैध क्रमांक’ एवढाच शेरा मारणे हा अर्जदारावर अन्याय आहे.

असे क्रमांक हाताने भरण्याऐवजी कॅमेऱ्याने लेबलावरील बारकोडची पट्टी वाचून घ्यावी, हे मान्यच आहे, आणि ती सोय प्रथम पुढे यावी. परंतु भिंतीला टेकवलेल्या फ्रिजमागचे किंवा झिजून पुसट झालेले अनुक्रमांकाचे लेबल कॅमेऱ्यालाही दाद देत नाही, म्हणून हाताने भरण्याची वाट मोकळीच राहिली पाहिजे. तेथे केवळ अंक हवे असतील तर अंकांचाच कळफलक उघडावा. शब्द आपोआप सुधारण्याची खोड बंद असावी. भरलेले अंक चार-चारांच्या गटांत दिसावेत, म्हणजे नजर फिरवून ताडून पाहता येईल. अन्यत्र लिहिलेला क्रमांक चिकटविण्यास आडकाठी नसावी. आणि लेबल कोठे असते याचे चित्र शेजारीच असावे. रिकामी जागा वा आडवी रेघ मध्ये आली तर ती गाळण्याचे काम ॲपचे आहे.

शासकीय ॲपची कंत्राटे देताना मानक ब्यूरोने व दूरसंचार विभागाने या गोष्टी निविदेतच अटी म्हणून नमूद कराव्यात, आणि त्यांत आणखी एक अट असावी: पहाडगंजातील मराठी कुटुंबाने आपल्या देवनागरी कळफलकावरून ‘४’ लिहिला, तर ॲपने तो निमूटपणे चारच समजावा.