घाट शेतकऱ्याचा, गुलाल पुढाऱ्याचा

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यती बंद केल्या. २०१७ मध्ये राज्याने कायदा दुरुस्त केला, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली. ‘संस्कृती वाचली’ असा जयघोष खेड-मावळपासून भोसरी-चिखलीपर्यंत घुमला. परंतु कोणाची संस्कृती आणि वाचली ती कोणासाठी?

घाटाच्या चढावर झेपावणारे बैल, त्यांच्या पुढे दौडणारी घोडी आणि सेकंदांत मोजली जाणारी बारी हे कुणब्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांचे कसब आहे. त्याला सरसकट रानटी म्हणणे हा शहरी अहंकार होय. बैलाला टोचणे वा मारणे मात्र कसब नव्हे. तेथे कायद्याच्या अटी पाळल्याच पाहिजेत.

खरे दुखणे निराळे आहे. २०२२ मध्ये चिखलीच्या जाधववाडीतील शर्यतीच्या बक्षिसांत जेसीबी यंत्र होते. ज्या यंत्राने बांध सपाट केले, गोठे उठविले, तेच बैलाच्या पराक्रमाचे पारितोषिक! याहून कडवट उपहास कोणता?

मेक्सिकोचा इतिहास या संदर्भात बोलका आहे. तेथील ‘चारेरिया’ ही अश्वविद्या जमीनदारांच्या कुरणांवर गुरे वळणाऱ्या मजुरांच्या श्रमातून जन्मली. क्रांतीनंतर, १९२१ मध्ये, मेक्सिको शहरातील सुखवस्तू हौशी मंडळींनी तिची संघटना बांधली. २०१६ मध्ये युनेस्कोने तिला अमूर्त सांस्कृतिक वारशाचा मान दिला. मात्र १९४८ मध्ये सरकारच्या पाठबळाने रेल्वे कामगार संघटना बळकावणारा पुढारी याच घोडेस्वारी पोशाखाचा, ‘चारो’चा, शौकीन होता. तेव्हापासून विकल्या गेलेल्या कामगार पुढाऱ्याला तेथील कामगार ‘चारो’ म्हणतात. पोशाख परंपरेचा असला तरी स्वार कोणाचा, हे त्यांनी ओळखले.

चाकणच्या कारखान्यात कंत्राटावर राबणारा शेतकऱ्याचा मुलगा रविवारी घाटात पुढाऱ्याच्या नावाने गुलाल उधळतो. सोमवारी त्याच्या नोकरीची हमी मागायला तो पुढारी फाटकावर येत नाही. म्हणून कार्यकर्त्यांनी घाटाकडे पाठ फिरवू नये. तेथेच उभे राहून गायरानाचा, चाऱ्याचा आणि कायम नोकरीचा प्रश्न विचारावा. बैल जगवायचा, तर आधी त्याचा धनी जगला पाहिजे.