कोबे : डोंगर, समुद्र आणि मोती

कोबे शहरात वाट चुकणे कठीण आहे. उत्तरेला रोक्को डोंगराची रांग आणि दक्षिणेला समुद्र, या दोहोंच्या मध्ये हे शहर एखाद्या चिंचोळ्या पट्टीसारखे पसरले आहे. तेथील लोक पत्ता सांगताना ‘डोंगराकडची बाजू’ आणि ‘समुद्राकडची बाजू’ असेच म्हणतात. मोठ्या दुकानांतूनही तशाच पाट्या आढळतात. जपानला जाणारे आपले प्रवासी बहुधा तोक्यो, क्योतो आणि ओसाका पाहून परततात. ओसाकाहून रेल्वेने जेमतेम अर्ध्या तासाच्या आत येणारे कोबे राहून जाते. जैन कुटुंबांनी तरी ते राहू देऊ नये.

याचे पहिले कारण कितानो भागात आहे. डोंगराच्या पायथ्याशी, चढत्या गल्लीत, भगवान महावीरस्वामींचे शुभ्र संगमरवरी देरासर १९८५ साली उभे राहिले. आजूबाजूला जपानी घरे आणि मध्येच कोरीव खांबांचे हे शिखरबंद मंदिर पाहून पाय आपोआप थबकतात. दर्शनाच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात. याच कितानोत जुन्या युरोपीय व्यापाऱ्यांचे बंगले जतन केलेले आहेत. त्यांपैकी छपरावर वातकुक्कुट असलेला लाल विटांचा बंगला एका जर्मन व्यापाऱ्याने १९०९ च्या सुमारास बांधला. थोडे खाली उतरले की १९३५ साली बांधलेली, जपानमधील पहिली मशीद लागते. तिच्या उभारणीतही हिंदी व्यापाऱ्यांचा वाटा होता.

इतके परदेशी येथे आले कसे, याचे उत्तर बंदरात आहे. १ जानेवारी १८६८ रोजी हे बंदर परदेशी व्यापारासाठी खुले झाले. जपानी गिरण्यांना कापूस हवा होता आणि तो मुंबईला होता. परंतु जहाजाचे भाडे ब्रिटिश कंपन्यांच्या मुठीत होते. १८९३ साली जमशेटजी टाटा आणि जपानी जहाज कंपनी निप्पॉन यूसेन कैशा यांनी मिळून मुंबई-कोबे मार्ग सुरू केला आणि ती मूठ सैल झाली. पुढे १९२३ च्या भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झाल्यावर तेथील अनेक हिंदी व्यापारी कोबेला आले. कापड आधी होते, मोती मागाहून आले.

मोत्यांची गोष्ट जरा थांबून ऐकण्यासारखी आहे. मोती निपजतात दूरच्या खाड्यांत. कोबेत ते निवडले, छिद्र पाडले, ओवले आणि विकले जातात. रंगछटा पारखण्यासाठी उत्तरेकडचा मऊ, स्थिर उजेड लागतो, आणि रोक्कोच्या हिरव्या उतारांवरून येणारा उजेड तसा आहे, असे तेथील जुने पारखी सांगतात. संवर्धित मोती बाजारात आला, तेव्हा आखाती मोत्यांवर उभ्या असलेल्या मुंबईच्या मोती-बाजाराला मोठा धक्का बसला. पुढे त्याच संवर्धित मोत्याच्या व्यापारासाठी जैन कुटुंबे कोबेत स्थिरावली, हा व्यापाराचा न्याय म्हणावा.

पण येथे श्रावकाला एक प्रश्न टाळता येत नाही. शिंपल्यातील जिवाला छेद देऊन त्यात मणी बसवतात, त्याला वर्ष-दोन वर्षे समुद्रात वाढवतात आणि मोती काढताना तो जीव मरतो. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्य, म्हणजे प्राण्यांच्या अवयवांचा व्यापार, सांगितलेला आहे. मोत्याला त्यातून वेगळे कसे काढावे? पिढ्यान्‌पिढ्या मोती तोलणाऱ्या घरांनी देरासरे बांधली, दानधर्म केला; तरीही प्रश्न प्रश्नच राहतो. कोबेच्या दुकानातील माळ गळ्याशी धरून पाहणाऱ्या भगिनीने तो एकदा मनात आणावा. मग घ्यावी अथवा ठेवून द्यावी, निर्णय तिचा.

बंदरावर १०८ मीटर उंचीचा लाल मनोरा आहे, कमरेत निमुळता, जपानी डमरूच्या आकाराचा. मुले त्याकडे ओढतील. मोठ्यांनी मात्र जवळच्या मेरिकेन उद्यानाच्या कडेला जावे. १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे पाच वाजून सेहेचाळीस मिनिटांनी झालेल्या भूकंपात सहा हजार चारशेहून अधिक माणसे गेली. तेव्हा मोडलेल्या धक्क्याचा साठ मीटरचा भाग मुद्दाम तसाच ठेवला आहे. फुटलेले काँक्रीट पाण्यात बुडालेले, दिव्यांचे खांब कललेले. भूकंपापूर्वी कंटेनर वाहतुकीत हे जगातील सहावे बंदर होते. धक्के दोनेक वर्षांत दुरुस्त झाले, पण माल तोवर बुसानसारख्या बंदरांकडे वळला होता. गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या दुकानाची पायरी चढले की परत येत नाही, हे पेढीवर बसणाऱ्यांना वेगळे सांगावयास नको.

पश्चिमेला आकाशी सामुद्रधुनीवरील झुलता पूल पाहावा. बांधकाम चालू असतानाच हा भूकंप झाला आणि दोन मनोऱ्यांमधील अंतर सुमारे एक मीटरने वाढले. १९९८ साली १,९९१ मीटरच्या मधल्या गाळ्यासह तो खुला झाला. डोंगरापलीकडील आरिमा येथे उष्ण झरे आहेत. सामुदायिक स्नानाचा संकोच असेल त्यांनी पाय बुडविण्याच्या मोफत कुंडावर समाधान मानावे.

भोजनाबाबत सावध राहावे. या शहराचे नाव जगात गोमांसासाठी प्रसिद्ध आहे आणि रस्त्यांवरील पाट्या त्याची आठवण देत राहतात. त्याहून फसवा प्रकार म्हणजे ‘दाशी’ हा रस्सा : भाजीच्या वाटीतही तो असतो आणि बहुधा वाळवलेल्या माशापासून केलेला असतो. ‘मांस नको’ एवढे सांगणे पुरत नाही. मासा नको, दाशी नको, अंडे, कांदा, लसूण नको, हे जपानी भाषेत कागदावर लिहून जवळ ठेवावे. खाकरा आणि मेथीचे ठेपले आहेतच.

चौविहार पाळणाऱ्यांनी सूर्यास्ताचा हिशेब करावा. जूनमध्ये तो सव्वासातच्या सुमारास होतो, डिसेंबरमध्ये पाचच्याही आधी. हिवाळ्यात चार वाजताच जेवून घ्यावे आणि माया डोंगरावर जावे; दिवे लागल्यावर तेथून सारी खाडी ओसाकापर्यंत उजळलेली दिसते. वर वारा बोचरा असतो, ज्येष्ठांसाठी शाल न्यावी. परतीची शेवटची केबल कार केव्हा सुटते हे चढतानाच विचारून घ्यावे, कारण खाली उतरण्याची पायवाट रानातून जाते.