छापण्याआधी बोला

आपल्याकडे कादंबरीवर भरभरून बोललं जातं ते प्रकाशन समारंभात, शाल-श्रीफळ झाल्यावर. तोवर एक ओळही बदलता येत नाही. ज्या वेळी बदलता येतं, म्हणजे बाड ओळखीच्या दोन-चार जणांकडे फिरत असतं, त्या वेळी आपण भिडेपोटी ‘छान जमलंय’ म्हणून मोकळे होतो. लेखकाने वर्षानुवर्षं रात्री जागून लिहिलेलं असतं. त्याला दोन शब्दांत वाटेला लावणं मला अन्यायाचं वाटतं.

मौज प्रकाशन आणि ‘सत्यकथा’ मासिकामध्ये संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हस्तलिखितावर लेखकाशी सविस्तर बोलत, पुन्हा लिहायला लावत. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडलं. आज अनेक लेखक स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढतात आणि त्यांच्या वाट्याला असा संपादक येतच नाही. मग ते काम आपल्यासारख्या वाचकांवर येतं.

ते कसं करावं, हे मला एका पत्राने शिकवलं. अमेरिकन कादंबरीकार स्कॉट फिट्झजेराल्डने १९२४ मध्ये ‘द ग्रेट गॅट्सबी’चं हस्तलिखित युरोपातून न्यूयॉर्कला पाठवलं. स्क्रिब्नर्सचा संपादक मॅक्सवेल पर्किन्स याने २० नोव्हेंबरला उत्तर लिहिलं. सुरुवात कौतुकाने, आणि तेही नेमकं : राखेच्या ओसाड पट्ट्यावर रोखलेले, जाहिरातीच्या फलकावरचे ते चष्म्यामागचे डोळे त्याच्या मनात ठसले होते. मग मुद्दा. कादंबरीतला टॉम ब्यूकॅनन रस्त्यात भेटला तर मी त्याला ओळखेन आणि टाळेनही, पण खुद्द नायक गॅट्सबीवर नजर ठरत नाही, तो धूसर राहतो. त्याचा पैसा कुठून येतो याची पुसटशीही चाहूल लागत नाही. शिवाय त्याचा पूर्वेतिहास एकगठ्ठा येतो, तिथे कथनाची रीत मोडते. पर्किन्सने उपाय सुचवले, पण निर्णय लेखकावर सोडला.

फिट्झजेराल्डने उत्तरात कबूल केलं, की गॅट्सबी दिसतो कसा आणि करतो काय, हे माझं मलाच नीट माहीत नव्हतं. बोटं दुखेपर्यंत त्याने बायकोकडून, झेल्डाकडून, गॅट्सबीची चित्रं काढून घेतली. रोममध्ये बसून मुद्रितांवरच पानंच्या पानं नव्याने लिहिली. आठव्या प्रकरणातला पूर्वेतिहासाचा काही भाग सहाव्यात नेला. कादंबरी एप्रिल १९२५ मध्ये आली. लेखकाला स्वतःला न दिसलेली जागा वाचकाला दिसली ती अशी. पर्किन्सने ‘व्यक्तिरेखा कमकुवत आहे’ असा शेरा मारला नाही, वाचताना आपल्याला काय दिसलं आणि काय दिसलं नाही, ते सांगितलं.

मध्यंतरी माझ्याकडे ऊसतोड कामगारांवरच्या एका कादंबरीचं बाड आलं. लिहिणारे मराठवाड्यातले एक शिक्षक. पहिल्या वाचनात मी समासात फक्त पेन्सिलीच्या रेघा ओढते : कुठे बाड खाली ठेवलं, कुठे मागची पानं उलटली, कुठे चहा गार झाला. सुरुवातीला मुकादम दारात येतो, सासरा उचलीचे पैसे दोनदा मोजतो आणि सून न बोलता कोयत्याला धार लावायला बसते. ‘उचल’ म्हणजे काय, हे तिथे कुणी सांगत नाही, तरी ते पैसे अंगावर घेतले की पुढचा हंगाम गहाण पडला, हे लख्ख कळतं. नंतर तिसऱ्या प्रकरणात तोच व्यवहार लेखक दोन पानं समजावून सांगतात. माझी रेघ तिथे होती. मी म्हटलं, “सर, हे मला सुनेच्या हातांनी आधीच सांगितलं होतं. इथे पुन्हा ऐकताना मी कादंबरीतून उठून वर्गात गेले.” ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “ती दोन पानं मी शहरातल्या वाचकासाठी घातली होती.” शहरातला वाचक समोर बसला होता आणि त्याला त्या पानांची गरज पडली नव्हती, एवढंच मला सांगता आलं. पानं ठेवायची की काढायची, हे त्यांचं त्यांनी ठरवावं.

निर्णय लेखकावर सोडण्याचं हे पथ्य फार मोलाचं आहे. ‘सुनेने शेवटी मुकादमाला धडा शिकवायला हवा होता’ असं म्हणणारा वाचक स्वतःची कादंबरी सांगू लागतो. दुसरे काही जण लाल पेनने ऱ्हस्व-दीर्घ सुधारतात आणि त्याच ओघात बीडच्या बाईच्या तोंडी सदाशिव पेठेतली भाषा घालतात. शुद्धलेखन तपासायला नंतर मुद्रितशोधक असतो. बोली मात्र एकदा पुसली गेली की ते माणूसच पुसलं जातं, म्हणून तिला हात लावू नये.

आणि बाड घेतानाच दोन गोष्टी विचारून घ्याव्यात : हा कितवा खर्डा, आणि तुम्हाला नेमकी शंका कशाची आहे? पहिल्या खर्ड्यात वाक्यांची घडण तपासत बसणं व्यर्थ. पुढे ती वाक्यं उरतीलच असं नाही. वेळ नसेल तर सरळ नाही म्हणावं. सहा महिने बाड दाबून ठेवणं त्याहून वाईट.

तुमच्या कपाटात कुणाचं असं बाड पडून असेल, तर या आठवड्यात ते काढा. पेन्सिल घेऊन शेवटपर्यंत वाचा आणि लिहिणाऱ्याला घरी बोलवा. समोर बसून, पान उघडून, कुठे गुंतलात आणि कुठे सुटलात ते दाखवा. पुस्तक छापखान्यात जाण्याआधी.